झीरो-फोर्सिंग करूनही एकाच सेलमधले युजर एकमेकांना का नडतात?

प्रश्न असा दिसतो: मोबाइल टॉवरवर ६४ अँटेना, त्याच्या सेलमध्ये (हद्दीत) १६ युजर, टीडीडी (पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने). सिम्युलेशनमध्ये झीरो-फोर्सिंगने, म्हणजे प्रत्येकाचा बीम बाकीच्या युजरकडे शून्य होईल असा आखून, इंटरफिअरन्स जवळपास नाहीसा होतो, पण प्रत्यक्ष मोजलेल्या चॅनलवर (अँटेनापासून युजरपर्यंतचा रेडिओमार्ग) तोच कोड चालवला की सगळ्यांचा वेग कोसळतो आणि पॉवर वाढवूनही फरक पडत नाही.

पॉवरने फरक पडत नाही, यातच अर्धं निदान आलं. नॉइज आडवा येत असता तर पॉवर वाढवून काही हाती लागलं असतं. इथे गळती आहे: चॅनलचा अंदाज चुकला की बीमचं शून्य भलतीकडे पडतं, आणि सिग्नल दुप्पट केला की गळतीही दुप्पट होते.

आधी अंदाज किती शिळा आहे ते बघा. ३.५ गिगाहर्ट्झवर ताशी ३ किमीने चालणाऱ्याचा डॉपलर (हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) साधारण १० हर्ट्झ, म्हणजे चॅनल ४० मिलिसेकंदांच्या आसपास टिकतो. ताशी १०० किमीला डॉपलर ३२४ हर्ट्झ, चॅनल जेमतेम १.३ मिलिसेकंद. साउंडिंग सिग्नल (चॅनल मोजता यावा म्हणून युजर पाठवतो तो) दर २० मिलिसेकंदांनी येत असेल तर गाडीतल्या युजरसाठी काढलेलं शून्य निरर्थक आहे. त्याला एकाच वेळी सेवा मिळणाऱ्यांच्या गटातून काढा, वेगळा स्लॉट (वेळेचा तुकडा) द्या. खातरजमा सोपी आहे: प्रीकोडरला (बीम आखणाऱ्या गणिताला) विलंब न करता त्याच क्षणाचा चॅनल द्या. वेग परत आला तर दोष विलंबाचाच. टीडीडीत कॅलिब्रेशनही तपासा. हवेतला चॅनल दोन्ही दिशांना सारखा असतो, पण रेडिओतल्या ट्रान्समिट आणि रिसीव्ह साखळ्या तशा नसतात.

तरीही वेग आला नाही तर गटात कोणाला बसवलंय ते बघा. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. दोन अँटेनांचं उदाहरण घ्या: एका युजरचा चॅनल (१, १), दुसऱ्याचा (१, ०.८). दुसऱ्याकडे शून्य पाडायचं तर पहिल्याची फक्त १.२ टक्के पॉवर उरते, म्हणजे १९ डीबीचा फटका. इंटरफिअरन्स गेला खरा, पण त्याच्याबरोबर सिग्नलही गेला. अशा जोडीला एकाच वेळी सेवा देऊच नये. प्रत्येक जोडीचं कोरिलेशन (दोघांचे चॅनल किती सारखे आहेत ते) काढा, मर्यादा ठरवा, आणि जे बसत नाहीत त्यांना पुढच्या स्लॉटमध्ये ढकला. १६ ऐवजी १० युजर ठेवून एकूण थ्रूपुट (सगळ्यांचा मिळून वेग) वाढताना दिसलं तर नवल वाटू नये.

शुद्ध झीरो-फोर्सिंगही सोडा. चॅनल मॅट्रिक्सच्या स्वतःशीच केलेल्या गुणाकाराचा (HHᴴ) इन्व्हर्स घेण्याआधी त्याच्या कर्णातल्या प्रत्येक आकड्यात युजरसंख्या गुणिले नॉइज भागिले एकूण पॉवर एवढी संख्या मिळवा. अंदाजातल्या चुकीचा व्हेरिअन्स माहीत असेल तर तोही युजरसंख्येने गुणून मिळवा. थोडी गळती राहते, पण सिग्नल वाचतो.

डेटा अनेक सेलचा असेल तर पायलटही (चॅनलचा अंदाज ज्यावरून काढतात तो आधीच ठरलेला सिग्नल) बघा. शेजारच्या सेलमध्ये तोच पायलट वापरात असला की अंदाजात दोन युजर मिसळतात आणि तुमचा बीम त्या परक्या युजरकडेही वळतो. नेहमीच्या अंदाजपद्धतीत नुसत्या अँटेना वाढवून हे जात नाही, हे संशोधक थॉमस मार्झेट्टा यांनी २०१० मध्ये दाखवलं. पायलटचा पुनर्वापर ३ सेलमागे एकदा केला तर दिलासा मिळतो, मात्र १६ युजरना ४८ सिम्बॉल (प्रसारणाचे छोटे तुकडे) लागतात. कोहेरन्स ब्लॉक (चॅनल न बदलता टिकतो तेवढा भाग) २०० सिम्बॉलांचा असेल तर त्यातले २४ टक्के पायलटमध्येच गेले.