जबड्याचं ऑपरेशन: आधी कागद, मग पेज

ऑपरेशनआधीच सर्जनकडून पत्र घ्या: चावणं, बोलणं, श्वास यांत नेमकी काय अडचण आहे, मोजमापांसह. 'सौंदर्यासाठी' असा अर्थ निघाला की विमा कंपनी हात वर करते. पूर्वमंजुरी भरती होण्याआधी मागा. अंदाजपत्रकात प्लेट-स्क्रू (जबड्याचं हाड जोडायला), भूल आणि खोलीभाडं वेगळं लिहून घ्या. प्लेटचे स्टिकर आणि मूळ बिल जपा, क्लेमला लागतात. ब्रेसेसचा, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तारांचा, खर्च बहुतेकदा खिशातूनच. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च बराच कमी, पण थांबायची तयारी हवी.

सूज दोन-तीन दिवस वाढतच जाते. तिसऱ्या दिवशी आरशासमोर घाबरू नका. पहिले 48 तास बर्फ, 15-20 मिनिटं लावून तेवढीच विश्रांती.

खाण्याचं मात्र नीट जमवा, ते सिरिंजने घ्यायचं असतं. पेज, मुगाचं वरण, नाचणीची आंबील मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळा. एक शीत राहिलं तरी सिरिंज अडते, मग जोर लावला की सगळं शर्टावर. 50 मिलीची सिरिंज, टोकाला मऊ नळी, गालाच्या आतून मागे सोडायची. दर दोन तासांनी 200 मिली, वर चमचाभर तूप, कारण वजन झपाट्याने उतरतं. स्ट्रॉ नको, ओढताना टाक्यांवर ताण येतो.

दात वायरने बांधले असतील तर वायर कटर उशाशी ठेवा, श्वास अडला तर तोंड उघडायला. कोणती वायर कापायची ते घरच्यांनी सर्जनकडून आधीच बघून ठेवावं. उलटी आली तर पुढे वाका, पातळ असल्याने बहुधा दातांच्या फटींतून निघून जाते.