दोन नोकऱ्या, एकच फॉर्म 16: भरून झालेलं रिटर्न दुरुस्त करताना

प्रश्न: मी कांदिवलीला राहतो. सप्टेंबर 2024 अखेर जुनी नोकरी सोडली आणि ऑक्टोबरपासून अंधेरीच्या एका कंपनीत लागलो. 22 जुलै 2025 ला स्टेशनजवळच्या एका एजंटाकडून नव्या करपद्धतीत आयटीआर-1 (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) भरून घेतलं. त्याने फक्त नव्या कंपनीचा फॉर्म 16, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, (पगार 6,60,000) धरला. जुन्या कंपनीचा 4,80,000 पगार आणि एफडीचं 35,000 व्याज राहून गेलं. जुन्या कंपनीने कापलेला 20,000 टीडीएस मात्र रिटर्नमध्ये आला आणि तेवढा रिफंड मागितला गेला. रिफंड अजून आलेला नाही. एआयएसमध्ये (विभागाच्या पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात) आता सगळं दिसतंय. एजंट म्हणतो, राहू दे, कोण बघतंय. आयकर भवनात जाऊन अर्ज द्यावा का? दंड बसेल का? जुन्या करपद्धतीत जाऊन कर वाचेल का?

उत्तर: चर्चगेटला खेटे घालायची गरज नाही. तिथे अर्ज देऊन रिटर्न बदलत नाही. आयकर कायद्याच्या कलम 139(5) नुसार, रिटर्नमध्ये काही वगळलं गेलं किंवा चुकीचं लिहिलं गेलं असेल तर सुधारित रिटर्न भरता येतं, आणि ते पोर्टलवरच भरायचं असतं. आर्थिक वर्ष 2024-25, म्हणजे करनिर्धारण वर्ष 2025-26 साठी त्याची मुदत 31 डिसेंबर 2025 आहे. त्याआधी करनिर्धारण (विभागाने रिटर्न तपासून कर ठरवणं) पूर्ण झालं तर ती तेव्हाच संपते. मधल्या काळात बंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्नवर प्रक्रिया करणाऱ्या विभागाच्या केंद्राकडून, कलम 143(1) ची सूचना आली तरी घाबरू नका. ती सूचना म्हणजे करनिर्धारण नव्हे, त्यानंतरही सुधारित रिटर्न भरता येतं.

कलम 154 खालच्या दुरुस्ती अर्जाच्या वाटेला जाऊ नका. अभिलेखावरून उघड दिसणारी चूक, उदाहरणार्थ भरलेल्या चलनाचं श्रेय न मिळणं, त्या अर्जाने सुधारता येते. इथे उत्पन्नच दाखवलेलं नाही.

आता पैशाचं बघू, कारण खरा धक्का तिथे आहे. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या पगारातून 75,000 ची प्रमाणित वजावट दिली आणि दोघींनी कराचे टप्पे शून्यापासून मोजले. नव्या कंपनीच्या नजरेत तुमचं उत्पन्न 5,85,000 होतं. ते सात लाखांच्या आत असल्यामुळे कलम 87ए ची सूट लागून कर शून्य झाला, म्हणून तिने एक रुपयाही कापला नाही. नोकरी बदलताना जुन्या पगाराची माहिती फॉर्म 12बी मध्ये दिली असती, तर तो कर महिन्यामहिन्याने पगारातूनच गेला असता. कायदा वजावट एकदाच देतो आणि उत्पन्न एकत्र मोजतो.

एकूण पगार 11,40,000. त्यातून 75,000 एकदाच वजा केले की 10,65,000 उरतात. त्यात व्याजाचे 35,000 मिळवले की 11,00,000. व्यवसाय कराचे 2,500 नव्या पद्धतीत वजा होत नाहीत, आणि 87ए ची सूटही या उत्पन्नाला नाही. पहिल्या तीन लाखांवर काही नाही, तीन ते सात लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, सात ते दहावर 10 टक्क्यांनी 30,000, उरलेल्या एका लाखावर 15 टक्क्यांनी 15,000. झाले 65,000. त्यावर 4 टक्के उपकर 2,600 धरून 67,600. टीडीएस 20,000 वजा केला की 47,600 भरायचे राहतात. म्हणजे वीस हजार मिळण्याऐवजी जवळपास अठ्ठेचाळीस हजार देणं निघतं, आणि त्यावर व्याज वेगळं.

आगाऊ कर कमी भरल्याबद्दल कलम 234बी चं व्याज 1 एप्रिल 2025 पासून दरमहा 1 टक्का, महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरून. नोव्हेंबरमध्ये पैसे भरलेत तर आठ महिन्यांचे 3,808. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याबद्दल कलम 234सी चे 2,402. सगळं मिळून 53,810 रुपये. डिसेंबर उजाडला की 476 वाढतील. मूळ रिटर्न मुदतीत भरलं असल्यामुळे विलंब शुल्क नाही, आणि उशिरा रिटर्न भरल्याबद्दलचं कलम 234ए चं व्याजही नाही.

जुन्या पद्धतीचा विचार सोडा. ज्यांना व्यवसायाचं उत्पन्न नाही त्यांनी जुनी पद्धत निवडायची असेल तर ती मुदतीतल्या रिटर्नसोबत निवडायची असते, आणि यंदाची मुदत 16 सप्टेंबर 2025 ला संपली. घरभाडे भत्ता आणि 80सी च्या भरवशावर आकडे मांडून बसू नका.

पैसे आधी, रिटर्न नंतर. पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’ मध्ये इन्कम टॅक्स निवडा, करनिर्धारण वर्ष 2025-26 आणि प्रकार ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स (300)’. गफलत इथेच जास्त होते. घाईत 2026-27 निवडलं जातं किंवा ‘ॲडव्हान्स टॅक्स (100)’ वर टिक पडते, मग पैसे जमा होऊनही रिटर्नमध्ये मागणी उभी राहते. चलन दुरुस्तीची सोय आहे, पण तिला मुदत असते. पावतीवरचा सात अंकी बीएसआर कोड, तारीख आणि चलनाचा क्रमांक जपून ठेवा. 26एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या विवरणात) चलन उमटायला थोडे दिवस लागले तरी हे तपशील हाताने भरता येतात.

रिटर्न भरताना फॉर्म तोच, आयटीआर-1. दोन मालक असले म्हणून फॉर्म बदलत नाही. एआयएस मात्र एकदा शेवटपर्यंत वाचा. वर्षभराच्या आत विकलेले शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंडाची युनिटं त्यात दिसली तर आयटीआर-1 चालणार नाही, आयटीआर-2 घ्यावं लागेल. सुधारित रिटर्नमध्ये फॉर्म बदलता येतो. पाच वर्षांच्या आत नोकरी सोडून पीएफ काढला असेल तर तोही करपात्र असू शकतो. नव्या खात्यात वर्ग केला असेल तर प्रश्न नाही.

‘फायलिंग सेक्शन’ मध्ये 139(5) निवडा आणि मूळ रिटर्नचा पंधरा अंकी पोचपावती क्रमांक व दाखल केल्याची तारीख द्या. सुधारित रिटर्न मूळ रिटर्नची जागा घेतं. त्यामुळे फक्त राहिलेला भाग लिहून चालत नाही, सगळं पुन्हा भरायचं. पगाराच्या रकान्यात दोन्ही कंपन्यांची बेरीज, टीडीएसच्या तक्त्यात जुन्या कंपनीचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि 20,000. एफडीचं व्याज इतर उत्पन्नात. बचत खात्याचं व्याजही एआयएसमधून उचला. ते 35,000 च्या पलीकडचं असलं तर वरची बेरीज थोडी सरकेल. त्यानंतर फॉर्म स्वतः व्याज मोजतो. शेवटी देय रक्कम शून्य दिसली पाहिजे. काही रुपये दिसले तर दुसरं चलन भरा.

मग पडताळणी. आधार ओटीपीने त्याच दिवशी करून टाका. कायद्याने 30 दिवस आहेत, पण ते उलटले तर पडताळणीची तारीखच रिटर्नची तारीख धरली जाते, आणि ती 31 डिसेंबरच्या पुढे गेली की सुधारित रिटर्न मुदतीबाहेर पडतं. वर्षअखेरीला पोर्टल रडतखडत चालतं, ते वेगळंच.

मधल्या दिवसांत जुन्या रिटर्नवरचा रिफंड खात्यात आला तर खर्च करू नका. सुधारित रिटर्नच्या सूचनेत ‘आधी दिलेला रिफंड’ म्हणून त्याची मागणी निघेल. ती पोर्टलवरच्या थकीत मागणीत दिसली की तिथूनच भरा.

दंडाचं विचारलंत. तपासणी सुरू होण्याआधी स्वतःहून सुधारित रिटर्न भरून कर दिलात तर कमी उत्पन्न दाखवल्याचा दंड लागायला जागा राहत नाही. काहीच केलं नाहीत, तर कलम 270ए खाली राहिलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या 50 टक्के दंड होतो, आणि माहिती दडवली असं ठरलं तर 200 टक्के. ‘कोण बघतंय’ याचं उत्तर तुमच्या एआयएसमध्ये आहे. जुन्या कंपनीने टीडीएस विवरणात तुमच्या पॅनवर तो पगार दाखवलेला आहे.

31 डिसेंबर हुकली तर आयटीआर-यू (अद्ययावत रिटर्न) हा मार्ग उरतो, पण महाग. 31 मार्च 2027 पर्यंत भरलंत तर कर आणि व्याजाच्या बेरजेवर 25 टक्के जादा, तुमच्या आकड्यांत साडेतेरा हजारांहून अधिक. त्यापुढच्या वर्षी 50 टक्के, मग 60, मग 70. रिफंड वाढवायला किंवा कर कमी करायला तो चालत नाही.

पोर्टलवर शिरल्यावर ‘माय प्रोफाइल’ उघडून मोबाइल आणि ई-मेल तपासा. एजंट बहुतेक वेळा स्वतःचाच नंबर टाकतात, मग विभागाची नोटीस त्यांच्याकडे जाते आणि तुम्हाला कळत नाही. दोन्ही बदला आणि पासवर्डही बदला.