पाणी मार्च-एप्रिलचं बघ

तू गंगेच्या पाणीवाटपावर काम करायचं ठरवलंस, मनापासून बरं वाटलं, पण सुरुवात नाही पटली. पहिल्याच पानावर वर्षभराचं एकूण पाणी मांडून बसलीयेस. अगं, पावसाळ्यात पाण्यावरून कोण भांडतंय, तेव्हा दोन्हीकडे पूर असतो. भांडण आहे ते कोरड्या महिन्यांचं आणि १९९६ च्या भारत-बांगलादेश करारातलं वाटपही १ जानेवारी ते ३१ मे एवढंच आहे.

तो करार काढ आणि भाषणं बाजूला ठेवून आधी तक्ता वाच. दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडलेत. फरक्क्याला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बॅरेजला, ७०,००० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) किंवा कमी आलं तर निम्मं-निम्मं, ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५,००० आणि उरलेलं भारताला, त्याच्या वर गेलं की भारत ४०,००० घेणार आणि बाकी सगळं खाली बांगलादेशला. आता हे ४०,००० च का, तर फरक्क्याच्या फीडर कॅनॉलमधून ते भागीरथी-हुगळीत सोडायचं, गाळ वाहून जावा आणि कोलकाता बंदर चालू राहावं म्हणून, मुळात १९७५ ला बॅरेज सुरू झालं तेच यासाठी. शिवाय ११ मार्च ते १० मे दर दहा दिवसांनी आलटून पालटून एकेका देशाला ३५,००० ची हमी, म्हणजे आपल्या कॅनॉलची पाणीपाळीच की, फक्त इथे शेतकऱ्यांच्या जागी दोन देश.

मला यातलं एक फार खुपतं. प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर काय, तर दोन्ही सरकारांनी तातडीने बोलायचं, बस्स. १९७७ च्या करारात तक्त्यातल्या वाट्याच्या निदान ८० टक्के तरी बांगलादेशला मिळेल अशी हमी होती, ती इथे नाही. आपण वरच्या अंगाला, म्हणून आपल्याला हे चटकन दिसत नाही. गंगेतूनच फुटणारी गोराई बघ, कोरड्या दिवसांत तिच्या तोंडाशी वाळू साचते, गोडं पाणी आटतं आणि बांगलादेशातल्या खुलनाकडे भरतीचं खारं पाणी आत चढत जातं. हे तुझ्या लिखाणात आलंच पाहिजे.

आणि दिल्ली-ढाका एवढंच धरून चालू नकोस, पश्चिम बंगालही धर. १९९६ ला तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी स्वतः लक्ष घातलं म्हणून गाडी पुढे सरकली, २०११ ला तिस्ता या दुसऱ्या सामायिक नदीचा करार सहीच्या तोंडावर असताना तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी विरोध केला आणि तो राहिला तो राहिलाच.

गंगेच्या कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे, त्यामुळे फार रेंगाळू नकोस. फरक्का आणि बांगलादेशातला हार्डिंग ब्रिज, दोन्हीकडची मोजणी शेजारी शेजारी मांड, मार्च-एप्रिलचे सहाच्या सहा तुकडे घे, आणि मग पाठव. रात्री उशिरा पाठवलंस तरी मी वाचेन.