'सुनेनंच मारली म्हणतीन'

"छातीतलं पाणी सारखं काढलं तर पेशंटची ताकद जाते का जी?" हा प्रश्न ओपीडीत नेहमीचा. दुसरा प्रश्न मात्र कोणी उघड विचारत नाही. तो मला एका सुनेनं सांगितला.

यवतमाळकडच्या एका मावशी, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. स्तनाचा कॅन्सर पसरलेला, उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी. सुईनं लिटर-दीड लिटर काढलं की चार दिवस बऱ्या, मग पुन्हा दम. रात्र बाजेवर बसून, भिंतीला टेकून काढायच्या. दर दहा दिवसांनी नागपूरला गाडी करायची. ऐन वेचणीत मुलाचा अख्खा दिवस मोडायचा. डॉक्टरांनी छातीत कायम राहील अशी बारीक नळी सुचवली. जागा बधिर करून बसवतात, बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात, मग एक दिवसाआड पाणी घरीच काढायचं.

शिकायला सून आली. मान हलवत होती, हात मात्र पदराखाली. नवरा चहाला गेला तशी बोलली, "मी नळीले हात लावला अन् आईले काही झालं, त लोक सुनेनंच मारली म्हणतीन."

ताकदीचं उत्तर मला तोंडपाठ होतं: पाण्याबरोबर थोडी प्रथिनं जातात, पण आत साचलेलं पाणी अंगाच्या कामाचं नसतं, फुफ्फुस तेवढं दाबून धरतं. इथे ते उत्तर काय कामाचं? नळीचं बोलणं मी तिथंच थांबवलं.

पुढच्या खेपेला दोन्ही नणंदांना बोलावलं. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, आजार पुढे गेलाय. पाणी काढल्यानं तो वाढत नाही, बराही होत नाही. उद्या काही झालं तर ते आजारानं, हिच्या हातानं नाही. मोठी रडली. धाकटी म्हणाली, "मले बी शिकवा."

मग नळी बसली, आणि सुनेनं साबणानं हात धुऊन नळीला बाटली जोडली. कोऱ्या चहासारखं पाणी उतरू लागलं. खोकला किंवा छातीत दुखणं सुरू झालं की थांबायचं, एका वेळी लिटरच्या वर जायचं नाही. ताप आला, नळीभोवती लाली किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी फोन. (बाटल्या महाग पडतात. नळी बसवण्याआधीच खर्च विचारा, संकोच करू नका.)

महिन्यानं तिनं वही दाखवली. तारीख, पुढे निघालेल्या पाण्याचा मिलिलिटरमधला आकडा: ८००, ७५०, ६००. एका आकड्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आई आडवी झोपली'.