बेसमेंटमधल्या लाँड्रीची निसरडी जमीन

न्यू जर्सीतलं १९६०च्या दशकातलं घर, बेसमेंटमध्ये वॉशर-ड्रायर, खाली रंगवलेलं काँक्रीट. जुलैत जमीन ओलसर होते आणि भारतातून आलेल्या आईंचा पाय तिथे दोनदा सटकला. आता एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा टणक लेप) मारावं की रबरी मॅट टाकावी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: दोन्ही थांबवा, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. ओल राहिली तर एपॉक्सीचे पोपडे निघतील आणि मॅटखाली बुरशी धरेल.

आजच्या आज सुटी पायपुसणी तिथून उचला. गुळगुळीत जमिनीवर तीच पहिली सरकतात. आईंना मोजे किंवा घासलेल्या तळव्याच्या सपाता घालून खाली उतरू देऊ नका. वॉशरभोवती सांडलेला लिक्विड साबण आणि फॅब्रिक सॉफ्टनर यांचा थर वाळलेला दिसत नाही, पण पाणी पडलं की बुळबुळीत होतो. गरम पाण्याने तो भाग पुसा, मग स्वच्छ पाण्याने आणखी दोनदा.

आता ओलीची परीक्षा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक जमिनीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ ते ४८ तास ठेवा. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं, तर ओल जमिनीतून येतेय. अशा वेळी आधी बाहेर बघा: पावसाच्या पन्हळीचं पाणी भिंतीपासून लांब पडतं का, मातीचा उतार घराकडे तर नाही ना. प्लॅस्टिकच्या वर थेंब असतील तर बाहेरची दमट हवा थंड जमिनीला लागून पाणी धरतेय. मग उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ड्रायरची हवा नेणारी नळी सांध्यात सुटलेली असेल तरी हाच त्रास होतो, तीही तपासा. आणि वॉशरच्या रबरी होज पाच वर्षांपेक्षा जुन्या असतील तर स्टीलच्या जाळीच्या आणून बदला.

जमीन कोरडी राहू लागली की मग कोटिंग. इथे एक गंभीर इशारा आहे: १९७८ पूर्वीच्या घरातल्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्या काळातल्या ९ इंची टाइल्समध्ये श्वासातून गेल्यास घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस. तपासणी झाल्याशिवाय खरवडू नका, कोरडं घासू तर मुळीच नका.

उघड्या काँक्रीटवर पाण्याचे चार थेंब टाका. मिनिटाभरात शोषले गेले नाहीत, तर वर सीलर (पाणी अडवणारा लेप) किंवा तेल आहे आणि रंग धरणार नाही. आधी तेलकटपणा काढणारं डिग्रीझर, मग एचिंग, म्हणजे रंग धरावा म्हणून आम्लाने काँक्रीट किंचित खरखरीत करणं. त्यासाठी म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड बंद बेसमेंटमध्ये वापरू नये. त्याची वाफ घातक असते आणि लाँड्रीतल्या ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरीन वायू तयार होतो. सायट्रिक अ‍ॅसिडचं एचिंग मिळतं, ते घ्या. नंतर भरपूर पाण्याने धुवून पूर्ण वाळू द्या.

पाण्यावर आधारित दोन भागांचं एपॉक्सी घ्या. वास कमी असतो. ८ बाय १० फुटांच्या जागेला दोन हातांसाठी एक गॅलन सहसा पुरतो, तरी डब्यावरचा आकडा बघा. घसरण थांबवणारी बारीक पॉलिमर पूड शेवटच्या हातात मिसळा. ती डब्याच्या तळाशी बसते, म्हणून सतत ढवळत राहा, नाहीतर अर्धी जमीन खरखरीत आणि अर्धी काचेसारखी होईल. भरड वाळू टाकू नका, पोछा अडकतो आणि घाण साचते. रोज चालायला जमीन कधी तयार होईल ते डब्यावर दिलेलं असतं. जड मशीन त्यापेक्षा बरंच उशिरा ठेवा.

ओल अजिबात हटत नसेल तर रंगाचा नाद सोडा आणि जाळीदार, एकमेकांत अडकणाऱ्या पीव्हीसी टाइल्स टाका. एक फुटी ८० लागतील, कापाकापीसाठी आठ जास्त घ्या. उतरत्या कडेच्या पट्ट्या मात्र विसरू नका; त्या नसतील तर कडेला पाय अडखळेल. फ्लोअर ड्रेन (जमिनीतलं पाणी जायचं भोक) असेल तर तिथली टाइल सुटी ठेवा, आणि महिन्यातून एकदा दोन-चार टाइल्स उचलून खाली बघा.