गिम्पमध्ये साधे आकार घेऊन केलेली रंगसंगती तोलात कशी आणावी?

तुम्ही विचारलंय की चौकोन, गोल, त्रिकोण घेऊन गिम्प या चित्रं करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रचना करता, रंगही एकमेकांना शोभणारेच निवडता, तरी चित्र एका अंगाला कललेलं दिसतं. मग रंग कुठले घ्यावेत? मला वाटतं, तुमचे रंग बहुतेक ठीकच असणार. कुठला रंग किती जागा खातोय, ते आधी बघा. मी सावंतवाडीत आगळ, काजू, लोणची यांची लेबलं करतो. त्या कामात आकार मोजके, रंगही मोजके, आणि सगळा खेळ जागेच्या वाटणीचा असतो.

एक प्रयोग आत्ताच करा. नवीन कॅनव्हासवर शेजारी शेजारी दोन सारखे चौकोन काढा. एकात शुद्ध पिवळा भरा, दुसऱ्यात शुद्ध निळा. मग 'कलर्स' मेनूत 'डीसॅच्युरेट' उघडा आणि मोड 'लाइटनेस' ठेवा. दोन्ही चौकोन अगदी एकाच करड्या रंगाचे होतील, कारण हा मोड लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांपैकी सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्याची नुसती सरासरी काढतो. आता मोड 'ल्युमिनन्स' करा. पिवळा जवळजवळ पांढरा होतो आणि निळा गडद राखाडी. तुमच्या डोळ्याला दिसतं ते हे दुसरं. बरोबरीच्या मापात घेतलेले हे दोन रंग कधीच बरोबरीचे दिसत नाहीत, आणि चित्र कलतं ते इथेच.

योहानेस इटन हे चित्रकार १९१९ ते १९२३ या काळात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत. जर्मन कवी गटेने रंगांच्या उजळपणाला दिलेले आकडे घेऊन त्यांनी क्षेत्रफळाचं प्रमाण मांडलं: पिवळा एक भाग तर जांभळा तीन, नारिंगी एक तर निळा दोन, लाल आणि हिरवा निम्मे निम्मे. सुरुवातीला याचा फार उपयोग होतो. मात्र हे प्रमाण रंगपेटीतल्या भडक रंगांना धरून आहे, पडद्याला ते जसंच्या तसं लावू नका. पडद्यावरच्या पांढऱ्याच्या उजळपणात शुद्ध हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के असतो, लालचा २१ आणि निळ्याचा ७. त्यामुळे पडद्यावर लाल-हिरवा निम्मे निम्मे घेतले तर हिरवा अंगावर येतो. त्याला आधी झाडाच्या पानाइतका दबवा, मग प्रमाण लावा.

क्षेत्रफळ नजरेने ठरवू नका, मोजा. १२०० बाय १२०० चा कॅनव्हास घेतलात तर एकूण १४,४०,००० पिक्सेल झाले. त्यात ३०० पिक्सेल व्यासाचा गोल जेमतेम पाच टक्के जागा घेतो. व्यास दुप्पट केला की तोच गोल वीस टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे चौपट. 'जरा मोठा केला' असं म्हणता म्हणता चित्र बिघडतं ते यामुळे. प्रत्येक आकार वेगळ्या लेयरवर, म्हणजे पारदर्शक थरावर ठेवा, लेयरवर राइट क्लिक करून 'अल्फा टू सिलेक्शन' घ्या आणि हिस्टोग्रामची खिडकी उघडा. तिथे पिक्सेलचा आकडा मिळतो. आकार तोच ठेवून रंग बदलायचा असेल तर लेयरचा अल्फा (पारदर्शकपणा) लॉक करून नवा रंग ओता, कडा हलत नाहीत.

प्रमाण कुठून शिकायचं म्हणाल, तर आपल्याच किनाऱ्यावरून. मालवणच्या बंदरात उभ्या असलेल्या होडीचा फोटो गिम्पमध्ये उघडा आणि 'फिल्टर्स', 'ब्लर', 'पिक्सेलाइझ' असं जाऊन चौकटी मोठ्या करा. होडी, दोऱ्या, माणसं सगळं विरघळून नुसते रंगाचे चौकोन उरतात. बहुतेक जागा पाण्याच्या आणि आभाळाच्या करड्या-निळ्याची, मग होडीच्या अंगाचा पट्टा, आणि डोलकाठीवरच्या भगव्या झेंड्याचे एक-दोन चौकोन. तरी नजर आधी त्या झेंड्यावरच जाते. बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं चारच पडतात, पण वास त्यांचाच येतो, तसं हे. त्या चौकोनांतून आयड्रॉपरने रंग उचला आणि त्याच प्रमाणात तुमचे आकार भरून बघा.

सावंतवाडीला आलात तर राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवतात ते अवश्य बघा. दशावतारी गंजिफाची १२० पानं, गोल, एकेका अवताराची बारा. जमीन, म्हणजे पानाची पार्श्वभूमी, एका सपाट रंगाची आणि तिच्यावर मासा किंवा कासव, पानाच्या आकड्याइतक्या वेळा. एक्का आणि दश्शी शेजारी ठेवून बघा: रंग तेच, पण जमीन आणि चिन्ह यांच्या जागेची वाटणी पार वेगळी, आणि दोन्ही पानं तोलात. साध्या आकारांचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

आकार कुठे ठेवायचा हा प्रश्न त्यानंतरचा. लहान आकार मधून जितका लांब न्याल तितका तो जड होतो, म्हणून मोठा चौकोन मध्याजवळ आणि बारका गोल कडेला असं सहज जमतं. रचना झाली की 'व्ह्यू' मेनूतून चित्र आडवं उलटं करून बघा. सरावाने न दिसणारा कल लगेच दिसतो.

हे छापायला देणार असाल तर शेवटचं माप पडद्यावर ठरवू नका. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे शाईत उतरत नाहीत, मंद होतात, आणि मग शेजारचा पिवळा आहे त्याच जागेत जास्त बोलायला लागतो. प्रेसमधून आधी एकच नमुना काढून घ्या. पिवळा चढलेला दिसला तर त्याचा रंग तसाच राहू द्या, आकार थोडा कमी करा.