पहिले रनिंग शूज: खेळाडू बघून नाही, पाय बघून घ्या

धावायला सुरुवात करताय, मनापासून अभिनंदन! नायकी की आदिदास, हा प्रश्न मात्र सध्या सोडून द्या. २०२३ मध्ये बर्लिन मॅरेथॉनमध्ये इथिओपियाच्या तिगिस्त असेफाने २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा महिलांचा विश्वविक्रम केला तो आदिदासमध्ये, आणि दोनच आठवड्यांनी शिकागो मॅरेथॉनमध्ये केनियाच्या केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंदांचा पुरुषांचा केला तो नायकीमध्ये. असेफाचा बूट १३८ ग्रॅमचा, किंमत ५०० डॉलर, आणि कंपनीनेच तो एका मॅरेथॉनपुरता असल्याचं सांगितलं होतं. तो तुमच्या रोजच्या तीन किलोमीटरसाठी बनलेलाच नाही.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच: पहिलाच जोड असा शर्यतीचा, कार्बन प्लेटचा (सोलमध्ये कडक पट्टी असलेला) घेतात. तो मऊ, उंच आणि डगमगता असतो. घोटा-पोटरी तयार नसली की दुखणं मागे लागतं.

दुकानात एवढंच बघा:

- संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. धावताना घालता तेच मोजे न्या.
- मोठ्या बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नाहीतर नखं काळी पडतात.
- आकड्यावर विसंबू नका. एका ब्रँडचा ८ दुसऱ्याचा ८ नसतो; दोन्ही पायांत घालून दुकानातच थोडं धावून बघा.
- साधा, रोजच्या सरावाचा जोड. मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळालं तर उत्तमच.

प्लेट, फोम (सोलमधला मऊ थर), सोलची उंची हे सगळं नंतर. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर झाले की जोड बदला.